माप मनाचे, कागद कोणाचा?

दहा ऑक्टोबर हा दिवस जगभर मानसिक आरोग्य दिन म्हणून पाळला जातो. अलीकडे त्या निमित्ताने सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात आरोग्य शिबिर भरले. रक्तदाब आणि साखर तपासून झाल्यावर प्रत्येक कामगाराच्या हाती एक छापील कागद देण्यात आला. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी लागली, भूक कशी होती, कामात लक्ष लागले का, मन उदास होते का, असे नऊ प्रश्न त्यावर होते आणि प्रत्येकापुढे शून्यापासून तीनपर्यंतचा एक आकडा लिहावयाचा होता. माथ्यावर नाव, खाते आणि टोकन नंबर. भरलेले कागद गोळा करण्यासाठी कंपनीच्या मनुष्यबळ विभागातील गृहस्थ दाराशी उभे होते. माझा एक जुना विद्यार्थी तेथे ठेकेदारामार्फत कामाला आहे. कर्जाचे हप्ते थकले आहेत आणि चार महिने रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, हे त्याने मला पूर्वीच सांगितले होते. त्या कागदावर मात्र त्याने नऊ वेळा शून्य लिहिले. कारण विचारता म्हणाला, "सर, दोन महिन्यांनी माझा ब्रेक आहे. पुन्हा घ्यायचं की नाही हे ठरवणारेच कागद गोळा करत होते."

या उत्तरावर विचार करावा तितका थोडाच आहे. कामगाराच्या मनाची कोणी विचारपूस करावी, हीच मुळात नवलाची गोष्ट. तेव्हा तिचे स्वागत केले पाहिजे, हे उघड आहे. परंतु ज्या मापावर मापल्या जाणाऱ्याचा विश्वास नाही, ते माप कितीही शास्त्रशुद्ध असले तरी त्यातून सत्य हाती लागत नाही. म्हणून कागदावर कोणते प्रश्न असावेत याहून तो कागद कोणाच्या हाती पडावा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

अशा प्रश्नावल्या नव्या नाहीत. अमेरिकेत आरन बेक यांनी १९६१ साली एकवीस प्रश्नांची आणि विल्यम झुंग यांनी १९६५ साली वीस प्रश्नांची प्रश्नावली सिद्ध केली. इंग्लंडमध्ये झिगमंड आणि स्नेथ यांनी १९८३ साली रुग्णालयांतील रुग्णांसाठी चौदा प्रश्न तयार केले. त्यांतील सात चिंतेविषयीचे आणि सात नैराश्याविषयीचे. आज सर्वांत प्रचलित असलेली नऊ प्रश्नांची 'पीएचक्यू-९' ही प्रश्नावली २००१ साली प्रसिद्ध झाली आणि चिंतेसाठीची सात प्रश्नांची तिची भावंडे २००६ साली आली. नऊ प्रश्नांचे मिळून शून्य ते सत्तावीस गुण होतात, आणि दहा वा त्याहून अधिक गुण पडले तर पुढील तपासणी करावी, असा संकेत आहे. चीनमधील कामगारांवर याच आणि अशाच प्रश्नावल्यांनी पुष्कळ संशोधन झाले आहे. आपल्याकडे ते आता कोठे कारखान्याच्या दारापर्यंत येत आहे.

मोजण्याची गरज आहे, याविषयी वाद नसावा. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय पाहणी केली. प्रौढांपैकी शेकडा १०.६ जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे तीत आढळले, आणि निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत शेकडा ७० पासून ९२ पर्यंत रुग्ण उपचारांवाचून राहतात असेही दिसले. त्या बारा राज्यांत गुजरात होते, मध्य प्रदेश होते, छत्तीसगड होते, महाराष्ट्र नव्हता. देशातील एका अग्रगण्य औद्योगिक राज्याच्या कामगारांची मनःस्थिती त्या पाहणीच्या बाहेर राहिली. दुसरीकडे, राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातील १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. आणि देशातील एकूण आत्महत्यांत चौथ्या हिश्श्याहून अधिक रोजंदारीवर जगणाऱ्यांच्या. माणूस गेल्यावर त्याची मोजदाद आपण बिनचूक करतो. तो कष्टी असताना मात्र करीत नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या संदर्भात एका जुन्या वादाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरील आपला प्रसिद्ध प्रबंध मांडला. माणशी रोज २,२५० उष्मांक ज्या खर्चात मिळतात, ती रेषा त्यांनी धरली आणि तिच्याखाली किती लोक आहेत ते मोजले. त्यावर पां. वा. सुखात्मे यांनी मूलगामी आक्षेप घेतला. माणसाची अन्नाची गरज काही एका आकड्याशी बांधलेली नसते; ती माणसागणिक वेगळी असते, किंबहुना एकाच माणसाच्या बाबतीतही दिवसागणिक बदलते. म्हणून सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशीच, असे म्हणता येणार नाही. हा वाद वर्षानुवर्षे चालला आणि दोन्ही पक्षांकडून आपण शिकलो. दांडेकरांची रेषा नसती तर दारिद्र्याचा प्रश्न आकड्यांनिशी मांडता आला नसता. आणि सुखात्म्यांचा आक्षेप नसता तर रेषेलाच आपण वास्तव समजून बसलो असतो.

मनाच्या प्रश्नावलीतील 'दहा' हा आकडा अशीच एक रेषा आहे. २००१ च्या मूळ अभ्यासात या रेषेने गंभीर नैराश्य असलेल्या शंभरांपैकी ८८ जणांना अचूक हेरले, आणि ते नसलेल्या शंभरांपैकी ८८ जणांना अचूक वगळले. हे यश लहान नव्हे. परंतु थोडा हिशेब करून पाहावा. एका कारखान्यात एक हजार कामगार आहेत आणि त्यांतील पन्नास जणांना खरोखरीच नैराश्याचा विकार आहे, असे धरून चालू. त्या पन्नासांपैकी ४४ जण सापडतील, ६ निसटतील. उरलेल्या ९५० पैकी शेकडा बारा, म्हणजे ११४ जण विकार नसताना रेषेच्या वर दिसतील. एकूण १५८ कागद बाजूला निघतील आणि त्यांत खरे रुग्ण ४४, म्हणजे शंभरात अठ्ठावीस. पुढे डॉक्टर शांतपणे बसून बोलणार असतील तर यात बिघडले काहीच नाही. चाळणीचे काम चाळणीने केले. परंतु ते १५८ कागद कोणाच्या टेबलावर 'नैराश्यग्रस्तांची यादी' म्हणून जाऊन पडणार असतील, तर त्या ११४ जणांवर अन्याय झालाच. आणि त्या ४४ जणांवरही झाला, कारण त्यांना औषधाऐवजी शिक्का मिळाला.

त्यातही कारखान्याची गोष्ट निराळी आहे. नऊ प्रश्नांतील झोप, थकवा, भूक आणि एकाग्रता यांविषयीचे प्रश्न शरीराच्या वाटेने मनाकडे जातात. आता आठवड्याआड रात्रपाळी करणारा आणि वर ओव्हरटाइम घेणारा धडधाकट माणूस घ्या. श्रमिकनगरातल्या पत्र्याच्या खोलीत, दिवसाच्या उन्हात आणि मुलांच्या गलक्यात त्याला झोप कशी लागणार? झोपेचे तीन गुण, थकव्याचे तीन, अवेळी जेवणामुळे भुकेचे दोन आणि लक्ष न लागण्याचे दोन: बेरीज दहा. मन उदास नाही, कशातली गोडी गेलेली नाही, त्या दोन्ही प्रश्नांपुढे शून्य आहे. तरीही तो रेषेवर आला. वास्तविक उदासी किंवा गोडी नाहीशी होणे यांपैकी एक तरी लक्षण असल्यावाचून नैराश्याचे निदान करू नये, असा वैद्यकशास्त्राचा दंडक आहे. परंतु केवळ बेरीज पाहणाऱ्याला तो कोठला ठाऊक असणार! येथे आकडा जे सांगतो ते खोटे नाही. मात्र तो माणसाच्या मनाविषयी बोलत नसून पाळीच्या वेळापत्रकाविषयी बोलत आहे.

दुसरी अडचण भाषेची. हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी चीनच्या हुनान प्रांतातील रुग्णालयात 'मज्जादौर्बल्य' असे निदान झालेले शंभर रुग्ण तपासले. हे लोक डोकेदुखी, निद्रानाश, अशक्तपणा सांगत होते. उदास आहोत असे सांगत नव्हते. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभरांपैकी ८७ जण नैराश्याच्या पाश्चात्त्य व्याख्येत बसले. दुःख तेच असते. ते सांगण्याची वाट मात्र समाजागणिक बदलते. झिंबाब्वेमधील शोना भाषक लोक अशा अवस्थेला 'कुफुंगिसिसा', म्हणजे अतिविचार, असे म्हणतात. आणि तेथील प्रश्नावली तयार करताना संशोधकांनी लोकांच्या या बोलण्यालाच प्रमाण मानले.

सातपूरचा कामगार 'मला नैराश्य आले आहे' असे कधी म्हणेल काय? तो म्हणतो, 'टेन्शन आहे', 'डोकं जड झालंय', 'छातीत धडधडतं', 'कशातच राम वाटत नाही'. येथे पेठ-सुरगाण्याहून आलेले आदिवासी तरुण आहेत, कळवण-सटाण्याकडचे आणि खानदेशातले अहिराणी बोलणारे आहेत, उत्तर प्रदेश-बिहारहून आलेले हिंदी भाषक आहेत. इंग्रजी वाक्यावर ग्रांथिक मराठीचा अंगरखा चढवून केलेला प्रश्न यांच्यापैकी कितींना नीट कळेल? आणि 'काही दिवस', 'अर्ध्याहून अधिक दिवस', 'जवळजवळ रोज' या पायऱ्यांतील फरक, पाळी सुटण्याच्या घाईत कँटीनच्या टेबलावर कागद ठेवून कोण पाहणार? प्रश्नावली भाषांतरित करून भागत नाही. ती ज्यांना द्यावयाची त्यांच्यासमोर बसून, एकेक प्रश्न वाचून, त्यांना काय समजले हे विचारून घ्यावी लागते. हे काम वेळखाऊ आहे, पण अवघड नाही.

या दोन्ही अडचणी शास्त्राच्या आहेत आणि शास्त्र त्यांवर मार्ग काढीत असते. तिसरी अडचण सत्तेची आहे, आणि तिच्यापुढे शास्त्राचे काही चालत नाही. २४० दिवसांची सलग सेवा भरली की कामगाराला काही हक्क प्राप्त होतात. ते होऊ नयेत म्हणून त्याआधी 'ब्रेक' देण्याची चाल औद्योगिक वसाहतींत जुनी आहे. ज्याची भाकरी अशा ब्रेकवर टांगलेली आहे, तो आपले नाव आणि टोकन नंबर लिहिलेल्या कागदावर 'मला जगणे नकोसे वाटते' असे कधीही लिहिणार नाही. मग काय होते? खरा कष्टी माणूस भीतीपोटी शून्य लिहितो आणि रात्रपाळीचा धडधाकट माणूस सरळपणाने दहा लिहून बसतो. दोन्ही चुका एकमेकींना झाकतात. सरासरी मात्र छान येते आणि आपले कामगार आनंदी आहेत असा अहवाल वर जातो. असे मोजणे न मोजण्याहून वाईट, कारण न मोजणाऱ्याला निदान आपले अज्ञान ठाऊक असते. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शिका काढली. तीत नोकरीत असलेल्यांच्या अशा चाळणी-तपासणीची शिफारस केलेली नाही, तीविरुद्धही केलेली नाही; तिचे लाभ हानीहून अधिक आहेत की नाहीत हे स्पष्ट नाही, असा तिचा अभिप्राय आहे. हा सावधपणा बोलका आहे.

याहूनही मूलभूत असा एक मुद्दा आहे. सिलिकाच्या धुळीने कामगाराची फुप्फुसे निकामी होतात हे कळल्यावर आपण केवळ त्याची छाती तपासून थांबलो नाही. कारखान्याच्या हवेत धूळ किती असावी, याची मर्यादा नियमांनी ठरविली. यंत्रांचा आवाजही आपण मोजतो. मनाच्या बाबतीत मात्र माप लावले जाते ते केवळ कामगाराला, कामाला नाही. असे का व्हावे? काम मोजण्याची साधनेही आहेत. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली दाखवून दिले की, कामाचा रेटा मोठा आणि ते काम कसे करावे हे ठरविण्याची मोकळीक थोडी, अशा जागी मनावरचा ताण अधिक असतो. कामाची गती कोण ठरवते, रजा मागता येते का, पुढच्या महिन्यात नोकरी असेल का, हे प्रश्न त्याच नऊ प्रश्नांशेजारी का छापू नयेत?

चीनमधील अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. २०१० साली शेनझेन येथील फॉक्सकॉनच्या कारखान्यांत तरुण कामगारांच्या आत्महत्यांची मालिका घडली आणि सारे जग हादरले. कंपनीने समुपदेशक नेमले, इमारतींभोवती जाळ्या बांधल्या, आणि पुढे मूळ वेतन दरमहा ९०० युआनवरून १,२०० युआन केले. दोन वर्षांनी, २०१२ साली, फेअर लेबर असोसिएशन या बाहेरच्या संस्थेने कंपनीच्या तीन कारखान्यांतील पस्तीस हजारांहून अधिक कामगारांकडून निनावी प्रश्नावली भरून घेतली. ती मनाविषयी नव्हती. तास, वेतन आणि सुरक्षितता यांविषयी होती. हंगामाच्या दिवसांत आठवड्याला साठ तासांहून अधिक काम होते, आणि ओव्हरटाइमची कायद्याने ठरविलेली मर्यादा ओलांडली जाते, हे त्यातून बाहेर आले. प्रश्नावली हे साधन येथेही होतेच. फरक इतकाच की, ती कामगाराच्या नावावाचून आणि मालकाच्या हातावाचून भरली गेली, आणि तिने कामगाराला नव्हे, तर कारखान्याला प्रश्न विचारले.

नाशिकमध्ये हे करता येण्याजोगे आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे. त्याच्यासारख्या संस्थेने सातपूर-अंबडच्या कामगारांची निनावी पाहणी हाती घ्यावी, प्रश्नांची भाषा कामगारांत बसून ठरवावी, आणि निष्कर्ष कारखानावार नव्हे तर वसाहतवार प्रसिद्ध करावेत. म्हणजे कोणा एका कारखान्यालाही बोट दाखविले जाण्याचे भय राहणार नाही. ज्याला मदत हवी असेल त्याला ती कारखान्याबाहेर, कामगार विमा योजनेच्या दवाखान्यात मिळावी आणि त्या तासांचा पगार कापला जाऊ नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या तेविसाव्या कलमाने गुप्ततेचा हक्क दिलेलाच आहे. तो कँटीनच्या टेबलापर्यंत पोचला पाहिजे. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू झालेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक टाइम ऑफिसच्या फलकावर लावण्यास तर कोणाचीच हरकत नसावी.

एवढे डॉक्टर आणायचे कोठून, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. राष्ट्रीय पाहणीतील राज्यांत लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण ०.०५ ते १.२ एवढेच आढळले होते. परंतु गोव्यात 'संगथ' या संस्थेने डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून तयार केले. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत पद्धतशीर बोलावे, असा प्रयोग केला, आणि त्याने रुग्ण बरे होण्याचे प्रमाण वाढले, हे २०१६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. कामगार वस्तीतून अशी दहा-वीस माणसे तयार करणे नाशिकसारख्या शहराला जड जाऊ नये. मालकांनाही यात तोटा नाही. नैराश्य आणि चिंता यांपायी जगात दरवर्षी बाराशे कोटी कामाचे दिवस वाया जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

१८८४ साली मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांची गाऱ्हाणी नारायण मेघाजी लोखंडे यांनी एका निवेदनात मांडली, तेव्हा त्यावर साडेपाच हजार कामगारांनी आपली नावे घातली. आठवड्याची एक सुटी हे त्यातले एक मागणे होते, आणि १८९० साली ते पदरात पडले. त्या कामगारांना नाव घालण्याचे भय नव्हते असे नाही. परंतु तो कागद त्यांचा स्वतःचा होता, त्यावर आपल्या शेजारी हजारो नावे आहेत हे त्यांना ठाऊक होते, आणि त्यात दोष कामाच्या तासांना दिला होता, कामगारांच्या स्वभावाला नव्हे. आजच्या प्रश्नावलीला या तीन गोष्टी लाभल्या तर सातपूरचा कामगार तीत खरे लिहील. तोवर नऊ शून्यांचा तो कागद पाहून कोणी समाधान मानू नये. त्या शून्यांत माझ्या विद्यार्थ्याच्या चार महिन्यांच्या जागरणाचा कोठेच पत्ता नाही.